स्थळपाहणी

मी सयाजींना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते आमच्या भिंतीला कान लावून उभे होते.

भिंतीलाही कान असतात हे लहानपणापासून ऐकत आले होते. पण भिंतीला कान लावणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. चैत्रातली दुपार होती. चिंचवडच्या आमच्या बंद पडलेल्या तेलगिरणीमागं मी वाळत घातलेल्या कुरडया उचलायला गेले, तर पांढऱ्या शर्टातला एक परका तरुण छोट्या हातोडीनं टक् टक् करतोय, कान लावतोय, पुन्हा टक् टक्... मी परात कमरेवर धरून विचारलं,

"काय म्हणते भिंत?"

ते दचकले. कानाला चुना लागला होता.

"अं? आतून पोकळ आहे का, ते बघतोय."

"मग? आहे?"

"नाही. चांगली भरीव आहे." मग जरा हसून म्हणाले, "भिंतीचं एक बरं असतं. विचारलं की खरं सांगते."

"आणि माणसं?"

"माणसांना हातोडी मारून बघता येत नाही ना..."

मी हसले. हसायला नको होतं. तिथंच सगळं बिघडलं.

ते कोण, हे माझ्या वडिलांनी, आबांनी सांगितलं. मुंबईची एक पुठ्ठ्याची खोकी बनवणारी कंपनी मुंबई-पुणे रस्त्यालगत जागा शोधत होती. दोन जागा त्यांच्या नजरेत होत्या. एक आमची गिरणी आणि दुसरी कासारवाडीच्या शालनबाईंचं सूत रंगवायचं जुनं शेड. दोन्हींतली एक भाड्यानं घ्यायची, पण त्याआधी इमारत कशी आहे, तिथं काम करणाऱ्यांच्या जिवाला काही धोका आहे का, हे तपासायला पुण्याहून हे सयाजी इंजिनियर आले होते. वाशांना वाळवी आहे का, विहिरीचं पाणी कसं आहे, गटार कुठं जातं, आग लागली तर माणसं पळणार कुठून, सगळं बघायचे. आमच्या जमिनीवर टाच घासून ते आबांना म्हणाले, "वर्षानुवर्षं तेल मुरलंय इथं. ही माती खणून काढा. नाहीतर एखाद्याच्या बिडीनं सगळं जळून जाईल." आबांनी दुसऱ्याच दिवशी माती काढायला घेतली.

आबांना ही जागा जायलाच हवी होती. गिरणी बंद झाल्यापासून ते रोज सकाळी शेडचं दार उघडायचे, आत नुसतेच उभे राहायचे आणि दार लावून परत यायचे. तिथं पुन्हा यंत्राचा आवाज यावा, एवढाच ध्यास त्यांनी घेतला होता. नाहीतर जागा विकून थोरल्या चुलत्यांकडे जाऊन राहायचं असं त्यांनी ठरवलं होतं.

आमची पाहणी त्या एका दुपारीच आटोपली. माती सोडली तर नाव ठेवायला जागा नव्हती. जाताना सयाजींनी माझ्या हातचं गूळपाणी घेतलं. तांब्याच्या काठावरून एकदा माझ्याकडं बघितलं... आणि गेले. पुन्हा यायला काही कारणच उरलं नाही.

त्यांना स्टेशनवरून आणायचा-न्यायचा तो रहिमानचाचांचा टांगा. आमच्या दारात घोड्याला पाणी पाजताना चाचा म्हणाले, "बेटी, साहेब रोज कासारवाडीला जात्यात बघ. काल म्हनत व्हते, कासारवाडीचं स्थळ एका भेटीत कळायचं न्हाई. थोडे दोष हायेत, पर निभावून नेता येत्याल."

आता लग्नाच्या वयातल्या मुलीला 'स्थळ' म्हटलं की एकच अर्थ कळतो. शालनबाईंची मंजुळा मला माहीत होती. पुण्यात शिकलेली, दोन वेण्या, गोड गळा. दोष म्हणाल तर नाक जरा बसकं. ते निभावून नेणार होते तर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजीनं माझं नाव ठेवलंय अनसूया, म्हणजे जिच्या मनात असूया नाही ती. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय!

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मंजुळा आली. मी तिला डाळ वाढली, तीही हात आखडून. तिनं आपणहूनच विषय काढला.

"अगं, आमच्या शेडात रोज नवीन दोष निघतोय. विहिरीत जुना रंग उतरलाय, मागचा वासा खचलाय... बिचाऱ्यांना सारखं यावं लागतं. आमच्याकडचं पन्हं फार आवडतं हं त्यांना."

आणि तिनं मान खाली घातली. स्थळ म्हणजे शेड, एवढा उलगडा झाला. पण त्या खाली घातलेल्या मानेनं मला रात्रभर जाळलं. ती रोज पन्हं पाजणार, ते रोज पिणार. आणि का? तर तिच्या शेडात दोष आहेत म्हणून. आमच्या शेडात एकही नव्हता. असला निर्दोषपणा काय चुलीत घालायचा?

दुसऱ्या दिवशी आबांचा डोळा लागल्यावर मी विहिरीवरून घागर आणली आणि मागच्या भिंतीच्या बुडाशी ओतली. मग आणखी एक. रोजच ओतायला लागले. चुन्याचा गार वास सुटायचा, पोपडे फुगायचे, आणि मला इतकं बरं वाटायचं म्हणून सांगू!

आबांनी ओल पाहिली आणि घाबरून रहिमानचाचांकडून निरोप धाडला. सयाजी आले. भिंतीपाशी उकिडवे बसले, हात फिरवला, वर कौलांकडं बघितलं, खाली जोतं चाचपलं.

"भर चैत्रात ओल? वरून गळत नाही, खालून झिरपत नाही..."

"बघा बाई," मी म्हणाले. "उद्या परत यावं लागेल तुम्हाला."

ते परत आले. नंतरही आले. मी पन्ह्यात वेलदोडा जास्त घातला.

"अनसूयाबाई, ही भिंत मला झोपू देत नाही."

"बाई काय म्हणता? मी काय तुमची आत्या आहे? आणि... भिंतच ना?"

"सध्या... भिंतच धरा."

"कासारवाडीची भिंत झोपू देते वाटतं?"

त्यांनी पेला खाली ठेवला. "तिथं काय बिघडलंय ते मला कळतं. इथलं कळत नाही, म्हणून तर..." पुढचं त्यांनी गिळलं. मी त्या रात्री गाणं गुणगुणत भाकऱ्या केल्या. खरं सांगते असं ज्यांनी भिंतीबद्दल म्हटलं, त्यांनाच मी त्या भिंतीकडून फसवत होते, हे काही माझ्या ध्यानात आलं नाही. आबा मात्र म्हणाले, "पोरी, औंदा विहिरीचं पानी लईच उतरलंय गं."

मग निकालाच्या दिवशी कंपनीचे मॅनेजर आले. गोल टोपी, घामेजलेला चेहरा. मी पन्ह्याचं तबक घेऊन दाराआड उभी होते. सयाजी हळू आवाजात म्हणाले,

"ओलीचं मूळ मला सापडलं नाही. मूळ सापडत नाही ती ओल सगळ्यांत वाईट. पावसाळ्यात काय होईल सांगता येत नाही. पुठ्ठ्याचा माल इथं ठेवा, असं मी म्हणू शकत नाही."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती! दोन घागरी पाण्यानं जागा नापास होते, हे मला कुठं ठाऊक होतं?

"मग कासारवाडी," मॅनेजर म्हणाले. "तिथले दोष दुरुस्त करून घेऊ. तुम्ही महिनाभर तिथंच थांबा आणि काम उरकून घ्या."

आबा जोत्यावर बसले. डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला. "ऱ्हाऊ द्या सायेब," ते म्हणाले. "ही भित माज्या बापानं बांदली. कंदी दगा दिला न्हवता. आता माणसंच ऱ्हायली न्हाईत, तर भितीला काय बोल लावायचा?" आणि भिंतीवरून हात फिरवत राहिले.

लपवून काय करू, माझ्या मनात आधी आबा आले नाहीत. आधी आला तो कासारवाडीचा अख्खा महिना, आणि पन्ह्याचे पेले. मग आबांच्या मांडीवरचा तो पटका दिसला आणि मला माझीच किळस आली. मी तबक घेऊन तशीच बाहेर आले.

"ती ओल नाही."

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"मी पाणी ओतत होते. रोज. घागरीनं."

"काय?" आबा उठले. "अगं, पर का?"

भिंत तापते म्हणून, असं सांगता आलं असतं. उंदरांची बिळं बुजवत होते, तेही खपलं असतं. दोन्ही जिभेवर आलं होतं. पण सयाजी माझ्याकडं बघत होते... हातातली हातोडी तशीच अधांतरी.

"ह्यांनी इथं यावं म्हणून," मी म्हणाले. "दोष असेल तिथंच हे जातात. कासारवाडीला रोज जायचे. मला... सहन होत नव्हतं."

बाहेर रहिमानचाचांच्या घोड्यानं फुरफुर केलं. मला वाटलं, आता धरणी दुभंगावी. तबकातले पेले एकमेकांवर वाजत होते. सयाजींनी पुढं होऊन तबक माझ्या हातून घेतलं, खाली ठेवलं. त्यांचे कान लालभडक झाले होते. ते मॅनेजरकडं वळले.

"साहेब, ह्या जागेची पाहणी मला आता करता येणार नाही. दुसरा माणूस पाठवा."

"का बुवा? ओल खोटी आहे म्हणतात ना? वाळेल की!"

"भिंत वाळेल हो. पण माझं मत आता धरू नका. ह्या जागेत माझे..." ते अडखळले. आबांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "माझे हितसंबंध गुंतलेत."

"म्हंजी काय वो?" आबांनी विचारलं.

दारातून रहिमानचाचा आबांकडं बघून खो खो हसले. "अर्जुनराव, आदी पन्हं द्या त्यांना. पाव्हनं हायेत ते आता."

आबा कधी माझ्याकडं, कधी भिंतीकडं बघत राहिले. मग एक पेला उचलून त्यांनी सयाजींच्या हातात दिला. मॅनेजरांनी टोपी काढून घाम पुसला.

"ठीक आहे. चिंचवडला दुसरा इंजिनियर पाठवतो, ओल वाळली की बघून घेईल. तुम्ही कासारवाडीचं तेवढं पुरं करा."

"नाही!" माझ्या तोंडून निघून गेलं. "कासारवाडीलाही दुसराच पाठवा."

सयाजी हसले. "बरोबर आहे त्यांचं, साहेब. दोन्ही जागांत चुरस आहे. इथं माझा स्वार्थ असताना तिथला निवाडा मी करणं नियमाला धरून नाही."

मी काही नियमासाठी म्हणाले नव्हते.