शून्य धरलेली वाफ

“आधी झडप उघड, मग देवाचं नाव घे, आणि मगच काडी ओढ.”

अम्माला जाऊन दोन हिवाळे झाले. तरी गोठलेल्या तळ्यावरच्या त्या लाकडी खोपटात पाऊल टाकलं, की सिग्रूनला आजीचा तो आवाज ऐकू येईच. तिनं धुराच्या नळीची झडप उघडली, डोळे मिटून दोन शब्द पुटपुटले आणि प्रोपेनची शेगडी पेटवली.

“ह्या नळीतून धूर जाणार? मांजराचं शेपूट तरी जाईल का?”

सिग्रून दचकली. दारात एक तरुण उभा होता. डोक्याला लाल लोकरी टोपी, खांद्यावर छोटी शिडी, पापण्यांवर हिमाचे कण. तारास, मासेमारीची खोपटं दुरुस्त करत तळंभर हिंडणारा सुतार.

“गणित करून बसवलीय मी ती,” ती जराशी फुगून म्हणाली. “कॉलेजात रसायनशास्त्र शिकते.”

“असं होय! मग गणितात बसत असेल तर... दोन मिनिटं शेकू का?”

तिला हसू आलं. तो उलट्या बादलीवर टेकला, आणि तिला सांगावंच लागलं.

आफींची, म्हणजे तिच्या आजोबांची, छाती आता अधू झाली होती. तळ्यावर एकदा, फक्त एकदा, गळ टाकून बसायचं एवढंच त्यांचं मागणं. आईनं मात्र बजावलं होतं, “आतली हवा चांगली राहते हे मला पटवून दे, मग ने.” मार्च सरत आलेला. येत्या रविवारनंतर बर्फावरून सगळी खोपटं उचलायची. आणि सिग्रूननं आफींचा हात हातात घेऊन शब्द दिला होता.

“एक माप प्रोपेन जळायला पाच मापं ऑक्सिजन लागतो,” ती बोटांवर मोजत म्हणाली. “जळून तीन मापं कार्बन डायऑक्साइड होतो. त्या तिनांच्या हिशेबानं ही नळी.”

टप्... त्याच्या मानेवर थेंब पडला. मग आणखी एक. बाहेर सगळं गोठलेलं, आणि आत पत्र्याच्या छपरातून चक्क पाऊस!

“आणि हे कुठून आलं?”

“चार मापं वाफ पण होते. पण ती निवून पाणी होते ना, म्हणून पुस्तकात तिचं आकारमान शून्य धरतात.”

“मग हे शून्य माझ्या पाठीत उतरतंय ते?”

दोघंही खळखळून हसली. हसता हसता तिची नजर नळीकडे गेली, आणि तिनं वर बोट दाखवलं. तारास शिडी लावून वर चढला. नळीच्या तोंडाशी बर्फाचं कडं धरू लागलं होतं. ते शून्यच तिथं गोठत होतं.

“नळी बुजली, की धूर आतच कोंडणार,” सिग्रून म्हणाली. “मी आफींना इथं बसवणार होते... दुपारभर.”

या वेळी त्यानं चेष्टा केली नाही. खाली उतरला, हातमोजे झटकले आणि हळूच विचारलं, “आता सांग, एकूण किती मापं?”

“सात.”

“मग सातांसाठी कापतो.”

पुढचे दिवस तो रोज येत राहिला. रुंद नळी बसली, वाफ वाटेत गोठू नये म्हणून तिला जाड वेष्टण आलं, वर वाऱ्याला पाठ करून ठेवायची, हातानं फिरवायची टोपी. विषारी वायू साठला की वाजणारा भोंगा भिंतीवर दिवसभर मुका राहिला, तेव्हा आईही मुकाट मान डोलावून गेली. दुपारी तारासच्या आईनं दिलेल्या, करंजीसारख्या सारण भरलेल्या पिरोगी निघत, थर्मासातली कॉफी निघे.

“साखर?”

“सोडलीय. उपास आहे, ईस्टरपर्यंत.”

“मग मीपण सोडतो.” तो कपात बघत म्हणाला, “फक्त साखर हं... बाकी काही सोडायला सांगू नकोस.”

ती लाजून शेगडीकडे वळली. शेगडी तर ठीकच जळत होती!

शनिवारी हत्यारं आवरताना तो म्हणाला, “वारा फिरला की वरची टोपी फिरवावी लागेल. तुझा हात पोचत नाही.”

“स्टुलावर चढेन.”

“आफींना एकटं सोडून? मी येईन. बोलावू नकोस... वारा फिरला की येईनच.”

“आणि नाही फिरला तर?”

“तर—” त्यानं लाल टोपी हातात गोल गोल फिरवली. “तर तुझ्या हिशेबात मी शून्यच म्हणायचा.”

ती इतकं हळू बोलली, की त्याला वाकावं लागलं. “ती चूक मी एकदाच करते, तारास.”

रविवारी प्रार्थना आटोपून सिग्रूननं आफींना घोंगड्यात गुंडाळून बर्फावर आणलं. झडप, देवाचं नाव, काडी. आफींनी गळ सोडला, आणि त्यांचा श्वास संथ, मोकळा चालू लागला. छप्पर कोरडं होतं.

दुपारी बर्फावरचा भुरभुरीत हिमचुरा अचानक उलट दिशेला पळू लागला. धूर उलटा आत येऊ नये म्हणून सिग्रूननं शेगडी बंद केली आणि काचेवरची वाफ तळव्यानं पुसली.

“थंडी वाजायला लागली गं पोरी. कुणाची वाट बघतेस?”

“कुणाची नाही, आफी.” आणि तिनं तिसरा कप काढून ठेवला... बिनसाखरेचा.

दूर किनाऱ्यावर घोळक्यात गप्पा मारणारी एक लाल टोपी क्षणभर वाऱ्याकडे वळली. मग कुणाला काही न सांगता तिनं शिडी खांद्यावर घेतली, आणि बर्फावरून चालू लागली.