तिसऱ्या कडव्याची जागा

फळं वाळवायची पेटी मागायला जोनेल टॅल्बर्टकाकांच्या अंगणात शिरली तेव्हा दुपार नुकती कलली होती. ऑगस्टचा महिना. कोलियर्स बेंड गावाला या दिवसांत वारा नावालाही नसतो. नदी खालच्या अंगाला चिखलाच्या रंगाची पडून असते, आणि पेकनच्या, अक्रोडासारख्या झाडांतले किडे दिवसभर करवतीसारखे ओरडत राहतात. टॅल्बर्टकाका ओसरीवर पंख्याखाली बसून शेंगा सोलत होते. माउंट नेबो चर्चचे ते सगळ्यांत जुने डीकन, म्हणजे कारभारी.

"पीच वाळवतेस?" त्यांनी विचारलं.

"नाही काका, टेप. गाण्याची टेप जुनी झाली की दमट होते, चिकटते. रात्रभर मंद उबेत ठेवली की मग एकदोनदा तरी नीट वाजते."

"वा! तुझ्या आईनं भर चर्चमध्ये छाती फुगवून सांगितलं होतं, पोरगी बॉस्टनला मोठं शिक्षण घेतेय म्हणून. आणि शिकलीस काय, तर टेप भाजायला!"

"भाजायला नाही हो, वाळवायला."

"बरं, वाळवायला. कोणाची?"

"मिस ओझेलाची. शेवटची."

काकांच्या बोटांतली शेंग तशीच राहिली. "व्हर्डेलला विचारलंस?"

"मावशीच्याच घरात राहते मी. तिच्यापासून काय लपणार?"

"लपण्याचं नाही म्हणत मी. विचारलंस का?"

जोनेल खाली सांडलेल्या शेंगा वेचू लागली. काकांनी आतून पेटी आणून दिली, वर बसलेली धूळ बाहीनं पुसली. पायरीपर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले, "ने. पण एक सांगतो पोरी... ती बाई काही वाळत नाही."

ओझेला टिंडल ही याच गावची. माउंट नेबोच्या पाद्र्यांची मुलगी. लहानपणी तिला चर्चमध्ये लाकडी खोक्यावर उभं करून गायला लावत, म्हणजे मागच्या बाकांना दिसावी म्हणून. पुढं ती प्रभूचं सोडून माणसांचं गाऊ लागली. निघून गेलेला नवरा, रिकामा पलंग, पहाटे दाराशी वाजलेली पावलं. नदीकाठच्या सिमेंटच्या विटांच्या बुटक्या खोलीत प्रूइट नावाच्या माणसाचा स्टुडिओ होता. तिथं तिची पहिली तबकडी निघाली आणि त्या उन्हाळ्यात अलाबामातल्या एकाही न्हाव्याच्या दुकानात दुसरं काही वाजलं नाही. मग रेडिओ, मग मेम्फिस, मग रोज रात्री नव्या गावातला क्लब. आवाज कसा होता म्हणाल, तर जुन्या लाकडाला कोणी हळूच भेग पाडावी तसा. गोड नव्हता तो. पण ऐकणारा हातातलं काम खाली ठेवायचा.

तिची गाणी चर्चच्याच चालीवर उभी असत. गाणारीनं हाक घालायची, मागच्यांनी ओ द्यायची. माउंट नेबोत हा नुसता गाण्याचा भाग नाही, धर्म आहे. कोणी चार शब्द म्हणून थांबला की त्या मोकळ्या जागेत अख्खं चर्च उतरतं. हाक अधांतरी सोडायची नाही. मरणाऱ्या माणसाच्या उशाशीही सोडायची नाही.

आणि तरी एकदा सोडली होती. ओझेला नावारूपाला आल्यावर एका ईस्टरला घरी आली, चर्चमध्ये उभी राहिली आणि तिनं भजनाची पहिली ओळ घातली. बापानं व्यासपीठावरून नुसतं पाहिलं. कोणी ओ दिली नाही. बाई पुन्हा म्हणाली, तिसऱ्यांदा म्हणाली. पंखे हलत राहिले, माणसं समोर बघत राहिली. गायनाच्या बाकावर त्या दिवशी तीन तरुण मुली होत्या. एर्माजीन, फ्लोरीन आणि जोनेलची मावशी व्हर्डेल. त्याही गप्पच बसल्या.

गंमत अशी की पुढच्याच वर्षी ओझेलानं याच तिघींना आपल्यामागे गायला घेतलं. सहा वर्षं त्या तिच्यासोबत हिंडल्या. तिच्या सगळ्या तबकड्यांत मागं आहेत त्या याच तिघी, पण एकाही वेष्टनावर त्यांची नावं नाहीत.

जोनेलला पेटवलं होतं ते याच गोष्टीनं. बॉस्टनला ग्रंथालयाच्या काचेच्या खोलीत तिनं मावशीचा आवाज ऐकला होता आणि खालच्या माहितीत छापलं होतं, 'इतर गायिका : अज्ञात.' अज्ञात! जिच्या हातचा मक्याचा पाव खाऊन आपण वाढलो ती! त्याच वर्षी ती गावी परतली. प्रूइटची बंद पडलेली खोली तिनं झाडून काढली, छताला पत्रा ठोकला, यंत्रं उघडून पुसली. तिथंच ही टेप सापडली. तिघींची नावं घालून ओझेलाचं शेवटचं गाणं बाहेर काढायचं आणि मग त्याच खोलीत गावच्या मुलांना गाणं शिकवायचं, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी त्या गाण्यात मावशीचा आवाज पाहिजे होता.

कारण ते गाणं पुरं झालेलंच नव्हतं. ओझेलानं एकटीनं तीन कडवी गाऊन ठेवली. प्रत्येक कडव्याला एकेकीनं ओ द्यायची होती, तेवढ्या जागा मोकळ्या सोडलेल्या. मुली रविवारी येणार होत्या. शनिवारी कार्यक्रमाहून परतताना ओझेलाची गाडी पुलावरून नदीत गेली.

त्या संध्याकाळी जेवताना जोनेलनं विषय काढलाच.

"ती टेप नदीत टाक," मावशी म्हणाली आणि तिच्या ताटात भेंडी वाढली.

"मावशी, ती गेल्यावर एर्माजीन आणि फ्लोरीननं तर आपापलं म्हटलंय. डब्यावर लिहिलंय तसं. फक्त तुझं राहिलंय."

"म्हटलं खरं. एर्माजीन गाऊन बाहेर आली ती मुकी होऊन. पुढं अकरा वर्षं जगली. पोराच्या लग्नात नुसती मान हलवत होती."

"पक्षाघात असेल गं तो."

"आणि फ्लोरीन? कुठून तरी परदेशातून गाण्यांचा एक हौशी आला, मोठ्या गाडीत बसवून स्टुडिओत घेऊन गेला तिला, तिचं कडवं म्हणवून घ्यायला. परत आली ती तशीच मुकी. तिच्या घराला आग लागली तेव्हा शेजारी दहा हातांवर झोपले होते. खिडकीत उभी होती म्हणे... तोंड उघडं... आवाज नाही."

जोनेलनं हातातला घास ताटात ठेवला. "बरं. तू म्हणू नकोस. मी नुसतं ऐकते, टेप खराब व्हायच्या आत उतरवून घेते. नुसतं ऐकायला काय हरकत आहे?"

मावशीनं भेंडीचं भांडं खाली ठेवलं. "नुसतं ऐकायला? बाई गं, माउंट नेबोत वाढलेल्याला नुसतं ऐकता येतं का?"

रविवारी प्रार्थना झाल्यावर सगळे तळघरात जेवायला उतरले, तेव्हा जोनेल मागच्या मागं निसटली. डोक्यावर ऊन होतं. स्टुडिओचं दार उघडताच आतला वास अंगावर आला. जुनं कापड, उंदीर, आणि पेटीत रात्रभर उबेत ठेवलेल्या टेपचा, मेण वितळावं तसा. तिनं चाकं चढवली. जुनं चुकून पुसलं जाऊ नये म्हणून ध्वनिमुद्रणाची तार तिनं कालच उपसून ठेवली होती. खोलीत माइकही नव्हता. यंत्र आता फक्त वाजवू शकत होतं.

बटण दाबलं. आधी खुर्ची करकरली. कोणीतरी पायानं ताल धरला. मग ओझेला.

*माझ्यामागे कोण येतंय?*

जोनेल यंत्राकडे वाकली. एवढ्या जवळून तो आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. पहिल्या जागेत एर्माजीन आली, *मी येते गं, मी येते.* स्वच्छ, तरुण. कडवं पुढं सरकलं. पुन्हा हाक. दुसऱ्या जागेत फ्लोरीन, थोडी घाबरी, पण सुरात. जोनेलच्या डोळ्यांत पाणी आलं. या बायकांना अज्ञात म्हणतात!

तिसरं कडवं सुरू झालं तेव्हा बाहेरचे किडे थांबले होते. केव्हा थांबले ते तिच्या ध्यानात आलं नाही. आवाज हळू झाला होता. ओझेला आता गात नव्हती, विचारत होती.

*माझ्यामागे... कोण येतंय?*

आणि जागा मोकळी.

ती जागा नुसती शांत नव्हती. भरल्या चर्चमध्ये सगळे आपल्याकडेच बघताहेत आणि आपण गप्प आहोत, तशी होती. जोनेलला ताल कळत होता, सूर कळत होता, शब्द कळत होते. लहानपणापासून अशा हजारो जागांत ती न बोलावता उतरली होती. ती विचार करत होती की बटण बंद करावं, आणि तिची छाती श्वासानं भरत होती. ओठ उघडले. जीभ टाळूला लागली...

दार धाडकन उघडलं.

"मी येते गं!" व्हर्डेलमावशी उंबऱ्यातूनच गात होती. डोक्यावर चर्चची पांढरी टोपी, अंगावर पांढरा झगा, धावल्यानं छाती भात्यासारखी वरखाली होत होती. पण सूर हलला नाही. "मी येते, मिस ओझेला, मी येते!" तिनं जोनेलचं डोकं आपल्या पोटाशी दाबून धरलं आणि ती जागा शेवटापर्यंत भरून काढली. सत्तरीच्या बाईचा आवाज तो, तरी खोलीचा पत्रा थरथरला.

टेप संपली. टेपचं टोक फटक फटक आपटत राहिलं.

"मावशी... मावशी, काही झालं नाही ना?"

मावशीनं तोंड उघडलं. ओठ हलले. मग तिनं हात गळ्याशी नेला, आणि जोनेलला समजलं.

डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, गळा छान आहे म्हणाले. जिल्ह्याच्या गावी नेलं, तिथंही तेच. टॅल्बर्टकाका रोज संध्याकाळी येऊन ओसरीवर बसत आणि एकटेच बोलत. "व्हर्डेल, चाळीस वर्षं तू मला बोलू दिलं नाहीस," एकदा ते म्हणाले, "आता बोलतोय, तर मजाच येत नाही बघ." मावशी खांदे हलवून हसली. हसण्यालाही आवाज नव्हता. जोनेल आत जाऊन रडली.

रविवारी चर्चमध्ये पाद्र्यांनी ओळ घातली. सगळे उतरले. मावशीही उभी राहिली, हात वर केले, तोंड उघडलं. शेजारच्या बाईनं तिला धरून ठेवलं.

पेकन गळायला लागले त्या दिवसांत एके सकाळी मावशीनं न्याहारीचं ताट बाजूला सारलं, जोनेलकडे बोट दाखवलं, मग नदीकडे. मग दोन बोटं हवेत गोल फिरवली, टेपच्या चाकांसारखी. आणि कानाला हात लावला.

"नको गं मावशी."

मावशीनं पुन्हा कानाला हात लावला. तिला आपला आवाज ऐकायचा होता. एवढंच मागणं. जोनेलला नाही म्हणवेना, आणि खरं सांगायचं तर तिच्याही मनात आशा होती. आवाज जिथं गेलाय तिथून परत आणता येईल. काहीतरी मार्ग असेल.

दोघी खोलीत बसल्या. दार सताड उघडं, बाहेर लख्ख ऊन. जोनेलनं तोंडावर रुमाल घट्ट बांधून घेतला आणि बटण दाबलं. एर्माजीन आली. फ्लोरीन आली. तिसऱ्या जागेत मावशी आली. म्हातारी मावशी नव्हे. विशीतली, ताजी, तिघींत सगळ्यांत सुंदर. मावशीनं डोळे मिटले आणि तिच्या गालांवरून पाणी वाहू लागलं.

गाणं संपलं. इथं टेप संपायला हवी होती, पण चाकं फिरतच राहिली. खुर्ची करकरली. ग्लास ठेवल्याचा आवाज आला. बायका गाणं आटोपल्यावर बसतात, तशी कुजबुज. मग ओझेलाचा बोलण्यातला आवाज, मऊ, थकलेला.

"व्हर्डेल, ती यंत्रापाशी बसली आहे ती पोरगी कोणाची गं? गळा चांगला दिसतोय तिचा."

जोनेलनं रुमालाची गाठ चाचपली. टेपमध्ये खुर्ची पुन्हा करकरली. मग मावशीचा तरुण आवाज आला, घाईघाईनं, खोटं बोलताना येतो तसा.

"कोणी नाही, मिस ओझेला. तिला गाता येत नाही."

शेजारी बसलेल्या मावशीनं डोळे न उघडताच हात पुढं केला आणि रुमालावरून जोनेलचं तोंड गच्च दाबून धरलं. चाकं फिरत होती.

"बघू तर..." ओझेला म्हणाली, आणि कोणीतरी पायानं ताल धरला.