मूठभर मीठ आणि तीन मंगळवार

रायपूरहून नागपूरला जाणारी बस लाखनीत पंक्चर झाली अन् थर्माकोलचा डबा छातीशी धरलेली एक पोरगी थेट अमरच्या मासोळीच्या दुकानात घुसली.

“दादा, बर्फ द्या ना! लवकर!”

दादा... अमरच्या काळजात काटाच रुतला. तरी त्यानं डबा काठोकाठ भरून दिला. वरून मूठभर मीठ टाकलं — मासोळी कडक राहावी म्हणून त्याच्या घरचे सगळेच टाकतात, हाताला सवयच ती. पोरगी गोड हसली आणि गेली.

पुढच्या मंगळवारी पुन्हा उतरली. लालबुंद होऊन.

“बर्फात मीठ टाकलं होतं तुम्ही?”

“हो... जास्त थंड राहते त्यानं.”

“जास्तच झालं! नागपूरच्या लॅबसाठी एन्झाइम होतं त्यात. थंड पाहिजे, गोठायले नाही पाहिजे. मेलं सगळं! आता अजून तीन मंगळवार खेपा माह्या!”

अमरचा चेहरा उतरला. “कायच्या कामाचं होतं जी ते?”

रिता — डब्यावर नाव होतं — रागातच सांगू लागली, अन् सांगता सांगता राग विसरली. कॅन्सरची पेशी ओळखणारं एक प्रोटीन असतं. हे एन्झाइम त्याला औषध जोडून देतं, नेमक्या जागी. मग औषध अंगभर भटकत नाही, थेट त्या पेशीकडे जातं. औषधाऐवजी चमकणारा कण जोडला, तर गाठ कुठे आहे ते मशीनवर दिसतं.

“म्हणजे औषधाले पत्ता चिकटवते?”

“अरे वा, हुशार हाय की तुम्ही!”

“अन् जोडल्यावर एन्झाइम कुठी जाते?”

“सुटते. दुसरी जोडी पाहते.”

“लय निष्ठुर हाय बुवा...”

ती खळखळून हसली. बस निघून गेली, अमर मात्र तिथंच उभा.

मग ते मंगळवार. दहा-दहा मिनिटांचे, बस चहाला थांबायची तेवढेच. आई रेवताबाईनं टोमणा मारलाच, “मंगळवारी तर गिऱ्हाईक बी नसते. दाढी कोणासाठी करून राहिला रे?”

तिसऱ्या मंगळवारी रिता हळूच म्हणाली, “झालं काम. आता बंगलोरले चालली मी. दोन वर्षं.”

बर्फ फोडणारा हात थांबला.

“एक सांगू? तुमचं नुकसान केलं, त्याची लाज वाटते मले. पण... त्याच्यानंच तुम्ही येत राहिल्या, म्हणून बरं बी वाटते. बुधवारपासून मंगळवारची वाट पाहतो मी. आता कोणत्या वाराची पाहू?”

रितानं बसकडे पाहिलं. मग त्याच्याकडे...

“मॅडम, चढा ना!” कंडक्टर ओरडला.

“पुढची गाडी कधी?” रितानं त्याला विचारलं.

“तासाभरानं.”

“मग जा तुम्ही.”

तिनं डबा फळीवर ठेवला. स्टूल ओढून बसली.

“एक तास हाय, अमर,” ती म्हणाली. “बोल.”