केसांच्या वेलीतली मधली जागा

शनिवारी दुपारी एक वाजता मेरिल काकाने मला अल्मा आजीच्या बंद घरासमोर उतरवलं आणि गाडीत बसूनच हुकूम सोडला.

"घराण्याचं बायबल आणि एबनचा एक बरा फोटो, एवढं बाजूला काढ. बाकीचे जुने कागद खोक्यांत भर. सोमवारी जिल्ह्याच्या संग्रहालयातली बाई येऊन घेऊन जाईल. आणि डेला, वाचत बसू नकोस."

"मला कुठे वाचता येतं, मी कॉलेज सोडलेली," मी म्हटलं.

तो हसला नाही. आमच्या घरात माझ्या विनोदांना हसायची पद्धत नाही.

फोटो दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनासभेसाठी हवा होता. एबन माझा मोठा भाऊ. आईबाप फ्लोरिडात, दोघं दोन वेगळ्या घरांत. मला वाढवलं ते एबनने आणि आजीने. पाच वर्षांपूर्वी हरणांच्या शिकारीच्या मोसमात तो डोंगरात गेला आणि परत आला नाही. गाडी सापडली, तो सापडला नाही. आदल्या संध्याकाळी काकाशी त्याचं कडाक्याचं भांडण झालं होतं. "गेलास तर परत तोंड दाखवू नकोस," असं काका जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर म्हणाला होता. शोधाशोध करणाऱ्या पोलिसांना मात्र ते कुणीच सांगितलं नाही. मी सोळा वर्षांची होते. मला गप्प बसवलं.

आता या मोठ्या माणसांना शांतता हवी होती. प्रेत नाही तर नाही. रविवारी बायबलात मृत्यूची तारीख लिहायची, दफनभूमीत नावाचा दगड बसवायचा, चर्चच्या तळघरात सगळ्यांनी मिळून बीन्स आणि अ‍ॅपल पाय खायचा, की संपलं. मी एकटी म्हणत होते, तो मेलेला नाही. त्यावर काका म्हणायचा, "तुझं शिक्षण पुरं झालं की तुझं मत विचारू."

घरात व्हर्ना आत्या, काकाची थोरली बहीण, आधीच आली होती. तिने स्वयंपाकघरातली लाकडांची शेगडी पेटवली होती आणि तवे वर्तमानपत्रात गुंडाळत होती. घराला थंड राखेचा आणि तळघरात कुजलेल्या सफरचंदांचा वास येत होता.

"पाय पूस," ती न वळता म्हणाली.

"पुसले."

"पुन्हा पूस."

बैठकीच्या खोलीत आजीची ट्रंक होती. मी उघडली आणि अर्थातच वाचत बसले. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीची पत्रं होती. टपाल महाग, म्हणून आडवं लिहून झालं की तोच कागद फिरवून त्यावर उभं लिहायचे. वाचताना जाळीच्या दारातून कुणाकडे तरी बघितल्यासारखं वाटतं. एका बाळाचा एकच बूट. शिवणीचं अंगुस्तान, आत अजून बोटाचा मळ. बायबल वर काढलं. त्याच्या मधल्या पानांवर घराण्यातले सगळे जन्म आणि मृत्यू, दर पिढीला वेगळं अक्षर. एबनच्या नावापुढची मृत्यूची जागा कोरी होती. अजून.

मग भिंतीकडे बघितलं.

आमच्याकडे केसांची वेल आहे. काचेच्या खोल चौकटीत, घोड्याच्या नालासारखी, वरचं तोंड उघडं. तिच्यातलं प्रत्येक फूल, प्रत्येक पान मेलेल्या माणसाच्या केसांचं; बारीक तारेवर वळून वळून केलेलं. पूर्वी पुष्कळ घरांत असायची, आमच्यात अजून चालू आहे. नियम साधा. नुकत्याच गेलेल्या माणसाचे केस मधल्या मोकळ्या जागेत लावायचे. पुढचा कुणी गेला की आधीच्याला तिथून काढून कडेच्या वेलीत गुंफायचं. मधली जागा रिकामी ठेवायची नाही. का, ते कुणी सांगत नाही. वसंतात आजी गेली तेव्हा तिची पांढरी बट मध्ये लावताना काच मी धरली होती.

आता आजीची बट कडेला होती. मध्ये सोनेरी केसांचं एक छोटं वळण होतं, निळ्या दोऱ्याने बांधलेलं.

"आत्या!"

ती दारात आली. हात एप्रनला पुसत राहिली, पुसायला काही नव्हतं तरी.

"एबनचे आहेत," ती म्हणाली. "पहिल्यांदा कापले होते तेव्हाचे. तुझ्या आजीने पाकिटात जपून ठेवले होते."

"तू लावलेस?"

"सकाळी. सभेच्या आधी लावायचे असतात."

"तो मेलाय हे तुला कुणी सांगितलं? काकाने? काकाला तर बरंच आहे ते!"

"आवाज खाली, डेला."

"तू होतीस त्या टेबलावर. बटाटे वाढत होतीस. काका बोलला तेव्हा तू काय म्हणालीस, आठवतं? म्हणालीस, रस्सा कुणाला हवाय."

ती वळली. परत जाऊन तवे गुंडाळू लागली. कागदाचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मी ट्रंकेपाशी बसले. हाताला लुसिंडाची रोजनिशी लागली. लुसिंडा म्हणजे आजीच्या आजीची आई. तिची नोंद म्हणजे एक ओळ, कधी दोन. "धुणं. वारा उत्तरेचा." "हंसांची पिसं काढली. उशा दोन." "मेणबत्त्या ओतल्या, वाती वाकड्या." मग अठराशे त्रेसष्टची वही. तिचा मुलगा असाहेल युद्धावर गेला होता आणि पत्र यायचं थांबलं होतं. नोंदी मी जशा वाचल्या तशा सांगते.

"सासूबाईंनी असाहेलचे केस मध्ये लावले. माझं कुणी ऐकलं नाही."

"साबण केला. पातळ झाला."

"केस काढले. तो मेलेला नाही. सासूबाई म्हणतात जागा रिकामी राहू नये. राहू दे."

आणि त्याच्याच खाली, त्याच तारखेला, त्याच शाईत:

"संध्याकाळी असाहेल आला. हातपाय धुतले, जेवला. कुणी काही विचारलं नाही."

मी पान उलटलं. धुणं. लोणी. बर्फ. असाहेलचं नाव पुन्हा कुठेच नाही. बायबलात बघितलं, त्याच्या जन्माची तारीख होती, मृत्यूची नव्हती. त्याच्या मागचे, पुढचे, सगळे मेले होते. तो एकटा मेला नव्हता.

मला काही कळेना. आनंदाची गोष्ट होती ना ही? लुसिंडाचं खरं ठरलं, तिची सासू खोटी पडली. मग वहीवर ठेवलेला माझा हात गार का पडला होता... मी स्वतःला सांगितलं, योगायोग आहे. मग सांगितलं, योगायोग असेल तर केस काढल्याने बिघडतंय काय? आणि नसेल, तर...

नसेल तर तो येईल. मला दुसरं काय हवं होतं पाच वर्षं?

मी चौकट उतरवली, मागचे खिळे कात्रीने उचकले आणि ते सोनेरी वळण काढलं. दोन वर्षांच्या पोराचे केस, पंचवीस वर्षं पाकिटात वाळलेले. ते ओले होते. त्यांना कुजलेल्या पानांचा वास येत होता, नोव्हेंबरात पाइनच्या झाडाखाली येतो तो.

मी ते खिशात घातले. वेलीची मधली जागा मोकळी झाली. नुसती काळी मखमल.

किती वेळ गेला माहीत नाही. खिडकीतून ऊन अजून जमिनीवर होतं. मागच्या अंगणात सरपणाच्या शेडचं दार वाजलं. मग पायरी. मग स्वयंपाकघराचं दार. आणि आत्याचा आवाज, रोजच्यासारखा, वैतागलेला.

"बूट बाहेर! किती वेळा सांगायचं?"

मग तवा खाली पडल्याचा आवाज. मग काहीच नाही.

मी धावले. आत्या भिंतीला टेकून उभी होती. एबन दारात वाकून बुटांच्या नाड्या सोडत होता. अंगात शिकारीला जाताना घातलेलं तेच नारिंगी जाकीट. त्याने वर बघितलं.

"डेला, उंची वाढली तुझी," तो म्हणाला. "खायला काही आहे?"

मी त्याला मिठी मारली. रडले, शिव्या दिल्या, पाठीत बुक्के मारले. तो हसला, त्याचंच हसणं. आत्याने ब्रेड कापला आणि विचारलं, "लोणी हवंय?" एवढंच. काका चार वाजता आला, दारात थांबला, पांढरा पडला, मग खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "यंदा थंडी लवकर पडली." एबन म्हणाला, "हो ना." मी एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. कुठे होतास? कसा जगलास? पाच वर्षं! कुणीतरी विचारेल असं वाटलं. ही माणसं विचारणार नाहीत हे मला ठाऊक होतं. पण मीही विचारलं नाही. प्रश्न जिभेवर यायचा आणि वाटायचं, उत्तर दिलं तर...

रविवारची प्रार्थनासभा आभाराची सभा झाली. बीन्स तेच. दगड कुणाच्यातरी गोठ्यात ठेवला.

याला आता तीन आठवडे झाले. तो माझ्यासोबत आजीच्या घरात राहतो. लाकडं फोडतो, पत्त्यांत मला फसवतो, काकाला तोंडावर उत्तरं देतो आणि काका ऐकून घेतो. मला माझा भाऊ मिळाला. जे मागितलं तेच मिळालं, तक्रार कुणाकडे करू?

काल दुपारी आत्या म्हणाली, "अरे, केस बघ तुझे, कानावर आले." त्याला खिडकीपाशी स्टुलावर बसवला, गळ्यात चादर बांधली आणि कापायला घेतले. अर्धा तास कात्री चालली. मी समोर बटाटे सोलत होते. कात्रीचा आवाज ऐकू येत होता, कचकच, कचकच, आणि केस तिच्या बोटांमधून सुटून खाली पडताना मला दिसत होते. शेवटी त्याने मानेवरून हात फिरवला, "हलकं वाटतंय," म्हणाला आणि लाकडं आणायला बाहेर गेला.

आत्याने चादर झटकली. झाडू घेतला, स्टुलाभोवती नीट झाडलं, कोपऱ्यातून, शेगडीखालून. केराची सुपली उचलली आणि तशीच उभी राहिली.

सुपली रिकामी होती. स्वच्छ.

आत्याने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. बाहेर कुऱ्हाडीचे घाव पडत होते, एकामागून एक, अगदी तालात.

"आत्या..." मी म्हटलं.

"बटाटे झाले का तुझे?" ती म्हणाली.

मी पुढचा बटाटा घेतला.