लाईन बंद हाय का

खोटं वाटलं तर पिंगळीच्या लिंबाजी मिस्त्रीला जाऊन विचारा, पोरांनो. ते घर त्यानंच बांधलं, आणि ज्याच्यावर हे गुदरलं त्या केयूरनं सगळ्यात आधी त्यालाच सांगितलं.

मागच्या कार्तिकातली वद्य त्रयोदशी, वार मंगळवार. रात्रीचे पावणेआठ. केयूर पुण्याहून एकटाच आला होता, एवढ्याशा कामासाठी. इथल्या त्याच्या नव्या घरात जिन्याखाली एक पांढरी डबी होती. तिचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं आणि परत निघायचं, बस्स.

आता हे घर कसं, तर पिंगळी रस्त्यावर नवंकोरं आणि मालकापेक्षा शहाणं. अंगठा लावला की दार उघडायचं, पाऊल टाकलं की दिवा लागायचा. पंखे, पाण्याची मोटार, अगदी मेन स्विचसुद्धा पुण्यात बसून फोनवरून चालू-बंद. आणि कुणाच्या फोनवरून, कधी, काय चालू झालं, ते सगळं ती डबी लक्षात ठेवायची.

तेच पुसायचं होतं. कारण श्रावणात त्या घरात भागवत वायरमन गेला. माडीवर लाकडी घोड्यावर, म्हणजे उभ्या शिडीवर चढून पंखा जोडत होता बिचारा. चढण्याआधी त्यानं रीतसर फोन केला होता, "केयूरभाऊ, वरचा पंखा जोडायलोय. लाईन बंद हाय का?" केयूरनं तिकडून मेन बंद केला आणि "बंद आहे" म्हणाला. पाऊण तासानं ऑफिसात जेवताना त्याला मित्रांपुढं थाट दाखवायची हुक्की आली. "बघा, इथं बसून घर उजळतो." बोट टेकवलं. घर उजळलं, आणि भागवत घोड्यावरून खाली पडला तो गेलेलाच.

आणि हा पोलिसांना काय म्हणाला? भागवत पिऊन चढला, लाईन बंद करून घ्यायची विसरला. ज्यानं उभ्या जन्मात सुपारी तोंडात टाकली नाही, तो पिऊन चढला म्हणे. पण मेलेला माणूस साक्ष द्यायला येतो थोडाच. गावानंही मान डोलावली. भागवतची बायको सविता पिठाच्या गिरणीत गेली की बायका कुजबुजायच्या. तिनं मात्र अर्जावर अर्ज केले, हट्ट सोडला नाही, आणि बुधवारी वीज निरीक्षक ती डबी तपासायला येणार होता. त्याआधी डबी पुसली गेली, तर भागवत कायमचा बेवडा ठरणार होता.

केयूर आत शिरला. दिवा लागला. जिन्याखाली वाकून त्यानं बटण दाबलं आणि मोजायला लागला.

एक. दोन. तीन.

मागं दाराचं कुलूप आपोआप लागलं. खट्.

चार.

दिवा गेला. माडीवर काहीतरी सरकलं... लाकडाचं... फरशीवरून ओढत. वायरमन घोडा सरकवतात तसं.

पाच मोजायचं राहूनच गेलं.

"केयूरभाऊ..." वरून आवाज आला. शांत. कामात गुंतलेल्या माणसाचा. "लाईन बंद हाय का?"

त्यानं बोट काढायला पाहिलं. निघेना. डबीला चिकटलं होतं. टोकाला झिणझिण्या आल्या.

"बं... बंद आहे."

सगळं घर भक्कन उजळलं. झिणझिण्या कोपरापर्यंत चढल्या. मग पुन्हा काळोख.

"लाईन बंद हाय का, भाऊ?"

आता आवाज जिन्याच्या मधल्या पायरीवरून आला.

"बंद... बंदच आहे रे..."

उजेड. झिणझिण्या खांद्यापर्यंत. दातखीळ बसली. जिन्यावर कुणी नव्हतं.

काळोख.

तिसऱ्यांदा कुणी काही विचारलं नाही. जळक्या वायरचा वास आला. कानाशी नुसता श्वास... वाट बघणारा...

दातखीळ कशीबशी सुटली. "चालू होती," केयूर रडत म्हणाला. "मीच चालू केली. तू प्यायलेला नव्हतास. मी खोटं बोललो."

बोट सुटलं. दार उघडलं. आणि कानाशीच, तितक्याच शांतपणे...

"आता राहू द्या बंद."

सकाळी लिंबाजी कुंपणाच्या भिंतीला पाणी मारायला आला, तर हा वाळूच्या ढिगावर बसलेला. त्यानं आधी लिंबाजीला सांगितलं, मग निरीक्षकाला, मग पोलिसांत जाऊन लिहून दिलं. बटण दहा सेकंदांवर दाबलेलं राहूनही डबीतली नोंद जशीच्या तशी निघाली. खटला उभा राहिलाय. सविताच्या मागं आता कुणी कुजबुजत नाही. तुम्ही म्हणाल, संपलं. मला विचाराल तर भागवतच्या जागी एवढ्यावर मीही सोडलं नसतं.

परवा लिंबाजीच्या मुलीचं लग्न होतं. जामिनावर सुटलेला केयूर बायकोला, निवेदिताला घेऊन आला होता. जेवण झाल्यावर हात धुवायला मोरीकडं गेला. आत मिट्ट अंधार. त्यानं भिंतीवरचं बटण दाबलं. दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं. नाही. निवेदितानं माझ्या बायकोला हळूच सांगितलं, त्या रात्रीपासून हे असंच. पुण्याच्या घरी, ऑफिसात, लॉजवर, कुठंही... यांच्या बोटानं दिवा लागत नाही.

उष्टे हात घेऊन तो दाराशी उभा राहिला, कुणीतरी येईल म्हणून.

सविता आली. तिनं त्याच्याकडं पाहिलं. बटण दाबलं, दिवा लागला. आत जाऊन सावकाश हात धुतले, पदराला पुसले.

आणि जाताना दिवा बंद करून गेली.