डोंगरावरचा गवा

"परत दिली? सगळीच्या सगळी?"

रंकाळ्याच्या कट्ट्यावरून उडी मारून तेजस्वीनं आपल्या मैत्रिणीच्या, दीक्षाच्या हातातलं पाकीट ओढून घेतलं. आत दीक्षाची चित्रकार्डं होती. लग्न असो, बारसं असो, कुठंही गेलं की दीक्षा मोठ्यांच्या घोळक्यातून सटकायची आणि आईचा जुना कॅमेरा घेऊन रानोमाळ हिंडायची. त्यातूनच ही कार्डं झाली होती. गडहिंग्लजचा आठवडी बाजार, शिरोळजवळचा कृष्णेचा घाट आणि सगळ्यांत लाडका फोटो राधानगरीचा! धुक्यातल्या पाण्यातून वर आलेलं एकच एक वाळकं झाड. प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं, 'छायाचित्र : दीक्षा'.

दिवाळीच्या सुट्टीत निशा मॅडमच्या भेटवस्तूंच्या दुकानात पर्यटकांची झुंबड उडायची. "आणून दे, दारातल्या स्टँडवर लावते," असं त्यांनीच सांगितलं होतं. आणि आज हे!

"म्हणाल्या, हा झाडाचा फोटो सयाजीरावांच्या स्टुडिओच्या काचेत लागलाय, त्यांच्या नावानं," दीक्षा फणफणली. "दुसऱ्याचे फोटो मी विकत नाही, म्हणाल्या. मी चोर! माझ्याच फोटोची चोर!"

"मग सांगायचंस की, मीच काढलाय म्हणून!" तिचा धाकटा भाऊ बुद्धभूषण शेंगा सोलता सोलता म्हणाला. त्याला सगळे भूष्याच म्हणत.

"सांगितलं! तर म्हणाल्या, कॅमेऱ्यातला मूळ फोटो दाखव."

"मग दाखवायचा!"

"कुठनं दाखवू? कॅमेरा मामानं नेलता ना बारशाला!"

कृष्णातमामानं कॅमेरा परत देताना हसत हसत सांगितलं होतं, "कॅमेऱ्यातलं कार्ड भरलं होतं गं, म्हणून रिकामं केलं की! तुझी नुसती झाडंझुडपंच तर होती!" घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दीक्षानं फोटो आधीच टाकले होते, म्हणून निदान कार्डं तरी छापता आली.

"मोठी माणसं!" दीक्षा एवढंच म्हणाली. त्या दोन शब्दांत तिचा सगळा वैताग होता.

तिघं तडक स्टुडिओसमोर जाऊन उभी राहिली. काचेत भलीमोठी चौकट आणि खाली सोनेरी अक्षरं, 'छायाचित्रकार : सयाजीराव'. झाड दीक्षाचं. धुकं तिचं.

"ताई, राधानगरीच्या पाण्यात गुलाब फुलतो व्हय?" भूष्यानं काचेला नाक लावून विचारलं.

"काहीतरीच काय बोलतोस!"

"मग ही काय हाय?"

चौकटीच्या अगदी कडेला, पाण्याच्या रेषेवर, एक गुलाबी पाकळी होती. अर्धी कापलेली!

दीक्षा आणि तेजस्वीनं एकमेकींकडं बघितलं आणि दोघी एकदमच ओरडल्या, "मामा!"

कृष्णातमामाच्या हातात फोटो पडला की त्याच्या कोपऱ्यात गुलाब उमललाच म्हणून समजा. गुलाब चिकटवायचा, वर 'शुभ सकाळ' लिहायचं आणि दिसेल त्या ग्रुपवर ढकलून द्यायचं, हा त्याचा रोजचा नेम.

मामा घरी आरामात चहा पीत बसला होता. "टाकला की! सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. लई लोकांनी अंगठे दाखवले!"

"त्या ग्रुपमध्ये सयाजीराव आहेत?"

"हायत की. रोज भेटतात. का गं?"

"आणि माझं नाव?"

"नाव कशाला? घरचाच तर फोटो!"

दीक्षानं कपाळावर हात मारून घेतला.

"मामाला नेऊ निशा मॅडमकडं, साक्षीदार म्हणून," तेजस्वी म्हणाली.

"तुमचाच मामा, म्हणतील," भूष्या म्हणाला. "त्यापेक्षा दुसरा एक फोटो टाकूया आणि थाप मारूया की..."

"थाप नाही मारायची," दीक्षा पटकन म्हणाली. रोज सकाळी ती आईबरोबर पंचशील म्हणायची. 'खोटं बोलणार नाही' असं सकाळी म्हणायचं आणि दुपारी थापा मारायच्या, हे तिला जमण्यातलं नव्हतं.

"मग बस रडत!"

"फोटो टाकूया," ती हळूच म्हणाली. "पण एक अक्षरही न लिहिता. खोटं बोलायचं असेल, तर ते सयाजीरावांनीच बोलावं."

दुसऱ्या दिवशी तिघं शिरोळच्या एसटीत बसली. तेजस्वीच्या आकारामकाकांचं तिथं गुऱ्हाळ होतं. काहिलीत रस रटरटत होता आणि वाफेचे लोटच्या लोट उठत होते. बाजूला फळीवर गुळाची एक फुटलेली ढेप पडली होती.

"कशाचा फोटो काढतंयस गं पोरी?" आकारामकाका हसले. "त्या फुटक्या ढेपंचा? चांगली अख्खी देतो की!"

"फुटकीच पाहिजे, काका!"

दीक्षा जमिनीवर पालथी झाली. ढेपेमागून सकाळचं ऊन येत होतं आणि वाफ सरकत होती. कॅमेरा अगदी जवळ नेल्यावर फुटक्या गुळाचे सोनेरी कडे दिसायला लागले. शिखरं, घळी, दऱ्या! तेवढ्यात एका शिखरावर एक मुंगळा चढला आणि थबकला.

"हाकलू?" भूष्यानं विचारलं.

"हात लावशील तर बघ!"

एक फोटो, दुसरा, तिसरा. शेवटी तिनं उठून ती फुटकी ढेप पुरती दिसेल अशी, फळी आणि शेजारी आकारामकाकांचा हात, असंही टिपून ठेवलं. काकांनी तीच ढेप डब्यात घालून दिली.

त्या संध्याकाळी घरच्या ग्रुपवर फोटो आला. खाली काही म्हणजे काहीच लिहिलेलं नव्हतं. आणि मामाला गप्प बसवतंय व्हय! कुणाला न विचारता त्यानं स्वतःच ठरवून टाकलं की हे राधानगरीचेच डोंगर, गुलाब चिकटवला आणि वर लिहिलं, 'राधानगरीची सोनेरी शुभ सकाळ!' आणि दिलं सगळ्या ग्रुपवर ढकलून.

मग वाट बघणं आलं. रोज स्टुडिओसमोरून एक चक्कर, आणि रोज काचेत तेच वाळकं झाड! कॅमेरा मात्र दीक्षा आता उशाशी घेऊन झोपायची. मामा दोनदा मागायला आला, पण ती बधली नाही. तिकडं दुकानाच्या स्टँडवरून पर्यटक कार्डं निवडून नेत होते, तीही कुणाची तरी गुळगुळीत, कुठल्याही गावाची वाटावीत अशी. दीक्षाचा जीव नुसता तळमळायचा.

आणि एका सकाळी भूष्या धापा टाकत आला. "लागला! ताई, लागला! हत्तीएवढा मोठा करून लावलाय!"

निशा मॅडम आधी तयारच होईनात. "गिऱ्हाईक सोडून कुठं येऊ? आणि हे प्रकरण संपलंय, बाळा."

"मॅडम, फक्त समोरच्या स्टुडिओपर्यंत. मी एकही शब्द जास्तीचा बोलणार नाही. नुसते प्रश्न विचारीन."

काचेत सोनेरी डोंगर झळकत होते. गुलाब या वेळी नीट कापून काढला होता. खाली पाटी, 'राधानगरीची सोनेरी पहाट. छायाचित्रकार : सयाजीराव'.

"या या, मॅडम!" सयाजीराव मिशीवर हात फिरवत बाहेर आले. "पोरांनाबी आणलंय व्हय? शिका जरा!"

"काका, हा फोटो तुम्हीच काढलासा?" दीक्षानं विचारलं.

"मग काय तुझ्या मामानं?" ते गडगडाट करून हसले. "अंधारात चढाय लागलो. पायाला जळवा, अंगाला काटं. वर पोचलो आणि असा उजेड फाकला की बास!"

"थंडी होती?"

"हाडं गोठत होती!"

"आणि त्या शिखरावर काळं काय आहे?"

सयाजीराव काचेजवळ वाकले आणि क्षणभर डोळे बारीक करून बघत राहिले. "गवा! नर गवा! असला दांडगा! माझ्याकडं बघून फुस्स केलं त्यानं. दुसरा असता तर कॅमेरा टाकून पळाला असता!"

भूष्याला हसू आवरेना. त्यानं तोंड तेजस्वीच्या ओढणीत लपवलं.

"तेजू, डबा उघड," दीक्षा म्हणाली.

तेजस्वीनं गुळाची ढेप काचेखाली, फोटोसमोर नेमकी धरली. तेच कडे. त्याच घळी. निशा मॅडम एकदा गुळाकडं आणि एकदा फोटोकडं बघायला लागल्या.

"उजवीकडचं एक शिखर कमी आहे," तेजस्वी म्हणाली.

"ते मी खाल्लं," भूष्यानं कबूल केलं.

दीक्षानं कॅमेरा मॅडमच्या हातात दिला. "या वेळी कार्ड रिकामं होऊ दिलेलं नाही. एकेक फोटो पुढं सरकवत जा, मॅडम."

पहिल्यात सोनेरी डोंगर. दुसऱ्यात गवा एक पाऊल पुढं. तिसऱ्यात गव्याच्या मिशा! आणि शेवटी फळी, ढेप आणि आकारामकाकांचा चिकट हात.

"गवा न्हाय, मुंगळा हाय, काका!" भूष्या ओरडला. "नाद करायचा न्हाय!"

रस्त्यावर चार माणसं थांबली होती, ती खदखदून हसली. सयाजीरावांची मिशी एकदम खाली आली.

"ग्रुपवर आलता," ते पुटपुटले. "नाव न्हवतं कुणाचं. मला वाटलं, असाच फिरतोय..."

"आणि झाडाचा?" निशा मॅडमनी कडक आवाजात विचारलं.

"तोबी ग्रुपवरचाच."

दीक्षानं इतके दिवस मनात बोलून ठेवलेलं बरंच काही होतं. पण समोरचा माणूस खाली मान घालून उभा होता. ती एवढंच म्हणाली, "काका, झाडाच्या फोटोखालचं नाव बदला. आणि मी काढलाय, हे तुमच्या त्या ग्रुपवर तुम्ही स्वतः लिहा."

सयाजीरावांनी तिथंच उभं राहून लिहिलं.

निशा मॅडमनी दीक्षाच्या पाठीवर हात ठेवला. "चुकलं माझं, बाळा. मोठी पाटी बघितली आणि लहान तोंडावर विश्वास ठेवला नाही. कार्डं आण, सगळ्यांत वरच्या ओळीत लावते. आणि हा गुळाचा फोटोही मला पाहिजे! 'सोनेरी डोंगर' म्हणून हातोहात जाईल."

"देते. पण खाली खरं लिहायचं," दीक्षा म्हणाली. "'शिरोळचा गूळ आणि एक मुंगळा.'"

आणि खरोखरच, तेच कार्ड सगळ्यांत आधी संपलं!

घरी आईनं सगळं ऐकून घेतलं. ती मोठ्यानं कौतुक करणाऱ्यांतली नव्हती. ताटात वाढता वाढता हलकेच म्हणाली, "एवढी चिडली होतीस, तरी एक शब्द खोटा बोलली नाहीस. मला तुझ्या फोटोंपेक्षा त्याचा आनंद जास्त आहे." दीक्षाचा इतक्या दिवसांचा वैताग कुठल्या कुठं पळाला.

तो पुरता पळायच्या आतच मामा दारात हजर! छाती फुगलेली, फोन हातात.

"भाचीबाई, बघ! तुझ्या कार्डाचा फोटो सगळ्या ग्रुपवर टाकलाय! आणि या वेळी नावासकट हं!"

दीक्षानं फोन हातात घेतला. सोनेरी डोंगर होते. मुंगळा होता. आणि जिथं तिचं नाव छापलं होतं, नेमका तिथंच एक टपोरा गुलाबी गुलाब फुलला होता.

"मामाऽऽ!"