डावीकडे नाही, ते उजवीकडे नको

सांगायलाच लावताय तर सांगतो, पण मधे कुणी हसायचं नाही. चौथीत शाळा सुटलेला माणूस मी, विहारात प्रेतं जाळणं हे माझं काम. संगणकाची गोष्ट माझ्या तोंडी शोभत नाही. पण जिनं सांगायची ती सांगणार नाही, म्हणून ही ब्याद माझ्या गळ्यात.

ओरथाई नाव तिचं. मेक्लाँग नदीच्या काठालाच वाढली, दुकानदारांच्या वेबसाइटी करून पोट भरते. विहाराच्या मागच्या भिंतीत अस्थींचे कोनाडे आहेत, प्रत्येकावर मेलेल्याचा फोटो. परमुलखात गेलेल्या लेकरांना तिथूनच मेणबत्ती लावता यावी म्हणून मोठ्या भन्तेंनी तिला भिंतीची वेबसाइट करायला सांगितली. मी सांगतोय त्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी ती सगळ्या गावाला दाखवायची होती. तिच्या आईलासुद्धा.

आई म्हणजे सामनियांग. तिचा थोरला, बुनलू, मासेमारीच्या बोटीवर गेला तो आलाच नाही. बोटीच्या फळ्या मिळाल्या, माणूस नाही. म्हातारी विधी करू देईना. "प्रेत दाखवा, मग रडते," म्हणायची आणि रोज त्याचं ताट वाढायची. ओरथाईही आईच्याच बाजूची. दादा जिवंत आहे, या एका आशेवर ते घर उभं होतं.

त्या दुपारी आभाळ असं उतरलं होतं की मंडपात दिवा लावावा लागला. ओहोटीच्या चिखलाचा वास, विझलेल्या उदबत्त्यांचा वास. मी भिंत पुसत होतो, ओरथाई खांबाला टेकून काम करत होती.

"हे सगळे फोटो वेबसाइटच्या सर्व्हरवर चढवायचे, लुंग," ती म्हणाली. लुंग म्हणते ती मला, थोरल्या काकाला म्हणतात तसं. "ब्राउझरमधून एकेक चढवत बसले तर तुम्ही मलाच जाळाल."

"तुला जाळायला लाकूड कमी लागेल. सोपा रस्ता नाही का?"

"आहे ना. ही डावीकडची खिडकी माझी, उजवीकडची सर्व्हरची. इकडचं ओढून तिकडे टाकायचं."

ओढत राहिली बराच वेळ. मग हात थांबला.

"उजवीकडे एक जास्त आहे..."

"असू दे की."

"मी टाकलेला नाही, लुंग."

तिनं उघडला. बुनलू. अंगात पिवळा रबरी कोट, केसांतून पाणी निथळतंय, मागे नुसता काळोख. असा फोटो त्या घरात कुणाकडे नव्हता. फाइलीला नाव नाही, फक्त आकडा. भिंतीतल्या रिकाम्या कोनाड्याचा.

तिनं तो पुसला. खिडकी पुन्हा उघडली, तो तिथेच. पुन्हा पुसला. पुन्हा आला... या वेळी त्याचं तोंड किंचित उघडं होतं.

"उद्या आई बघेल," ती पुटपुटली. "मेलेल्यांच्या भिंतीवर... आई जगायची नाही, लुंग."

"पोरी, बुडालेल्याला हाक मारून घरी आणतात. नाव घे. म्हण, दादा, घरी चल. मग त्याला हात लाव."

"हाक मेलेल्याला मारतात."

"वाट चुकलेल्यालाही मारतात."

"नाही. मी हाक मारली म्हणजे मी मानलं." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "आणखी एक रीत आहे. डावीकडे आहे तसंच्या तसं उजवीकडे करायचं. डावीकडे नाही ते तिकडून आपोआप जातं. कुणाला हात लावायला नको... कुणाचं नाव घ्यायला नको."

"नाव न घेता काढणं म्हणजे हाकलणं. बुनलू आहे तो, रस्त्यावरचं कुत्रं नाही!"

"तुम्ही प्रेतं जाळा, लुंग. मला माझं काम करू द्या."

दाबलं तिनं. पडद्यावर एक रेघ सरकत गेली. खालच्या खाडीतले बेडूक एकदम गप्प झाले. मंडपात खारट, ओल्या रबराचा वास भरला, आणि कुणी झडप लावावी तसा नाहीसा झाला. उजवीकडे काही जास्त उरलं नव्हतं.

ओरथाईनं डोळे पुसले, मग ओल्या बोटांकडे बघत बसली. "मी रडत का होते, लुंग?"

रस्ता चिखलाचा, म्हणून छत्री घेऊन तिला घरी सोडायला गेलो. सामनियांगनं जेवण मांडलं होतं. दोनच ताटं.

"बुनलूचं ताट कुठंय?"

"कुणाचं?" म्हातारी हसली. "मला एवढी एकच लेक."

मी भिंतीकडे पाहिलं. घरातला जुना फोटो, माझ्यासमोर काढलेला. एका कडेला ओरथाई, दुसऱ्या कडेला आई. मधे माणूस मावेल एवढी जागा. आणि आईचा हात हवेत, कुणाच्या तरी खांद्याच्या उंचीवर.

मी ओरडलो. शेजारीपाजारी जमले. सगळ्यांदेखत पोरगी म्हणाली, "लुंग पिऊन आलेत, घरी न्या कुणीतरी." त्या शेजाऱ्यांनाही बुनलू आठवेना. मला एकट्यालाच का आठवतो, ते मला विचारू नका.

वेबसाइट चालू आहे. त्या रिकाम्या कोनाड्याच्या आकड्याशी एक कोरी चौकट आहे. ओरथाईनं कितीदा काढली, निघत नाही. त्या चौकटीखाली रोज संध्याकाळी कुणीतरी मेणबत्ती लावतं. लावणाऱ्याला चार शब्द लिहिता येतात. रोज तेच असतात:

"आई, जेवलीस का?"

कुठून येतात, ते शोधून सापडत नाही. आणि सगळ्या गावासमोर मला दारुडा म्हणाली, त्याची माफी अजून मागितली नाही तिनं. ओरथाईनं.